पूर्वेस बोळ

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गाव म्हणेल, ते आम्ही नव्हेच. आणि गावानं एकदा नाही म्हटलं की मग देव जरी साक्षीला उतरला तरी लोक देवालाच विचारतील, तू कुठल्या गावचा. धाराशिवहून कळंबला जाताना लागतं, एवढं पुरे.

गावच्या पेठेत वीरभद्रप्पांचं कापडाचं दुकान आणि माणिकप्पांची भुसाराची अडत यांच्यामध्ये अकरा हात रुंद जागा आहे. तिथं काही नाही. नुसत्या मोकळ्या जागेत माणूस थुंकतो, बैल बांधतो, गाडी सोडतो. इथं कुणी थुंकतसुद्धा नाही. पेठेतनं जाणारा माणूस तिथं आला की मान फिरवून समोरच्या पिठाच्या गिरणीकडं बघतो. गिरणी बंद असली तरी बघतो. शेळ्या तेवढ्या सरळ बघत जातात. त्यांना कुणी समजावलेलं नाही.

या अकरा हातांसाठी सन एकोणपन्नासच्या फाल्गुनात बानूबी कळंबहून गावात आली. तिचं म्हणणं एका ओळीचं होतं: जागा माझ्या नवऱ्याची आहे, माझ्या नावावर करून द्या, मी तिथं परत चूल मांडते. तिच्या नवऱ्याचं, दस्तगीरचं, तिथं चहाचं हॉटेल होतं. आदल्या भाद्रपदात ते जळालं. आत दस्तगीर होता.

हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, मातीची चूल आणि दोन बाकडी. एक रस्त्याकडं तोंड करून, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. दुसरं भिंतीकडं तोंड करून, ते आमच्यासाठी. आम्ही म्हणजे पेठेतले लिंगायत. गळ्यात लिंग असल्यावर दस्तगीरच्या हातचा चहा चालत नाही, आणि पेठेत दस्तगीरइतका चांगला चहा दुसरा कुणी करत नाही, असे दोन नियम एकाच वेळी लागू होते. त्यावर दस्तगीरनंच तोड काढली. त्यानं बाकडं फिरवलं. कडेनं आत शिरायचं, भिंतीकडं तोंड करून बसायचं, शेजारी कोण आहे ते बघायचं नाही. मागनं कप यायचा. तो कुणी दिला हे दिसत नसल्यामुळं तो कुणी दिलेला नसायचा. सकाळी सात वाजता वीरभद्रप्पा, माणिकप्पा, ईरण्णा गुरव आणि माझे वडील अण्णाराव असे चौघं खांद्याला खांदा लावून, शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीकडं बघत चहा प्यायचे, आणि आठ वाजता पेठेत भेटल्यावर एकमेकांना विचारायचे, "काय, दिसला न्हाईत सकाळपासनं?"

दस्तगीरला सगळं गाव मानेवरनं ओळखू यायचं. कुणाला साखर कमी, कुणाला आलं जास्त, हे तो मानेवरनं ठरवायचा. वीरभद्रप्पांनी एकदा श्रावणात मानेवरचे केस उतरवले तर त्यांना दोन दिवस माणिकप्पांचा चहा मिळाला. त्यांनी तो मुकाट प्यायला. तक्रार करायची तर मागं वळावं लागलं असतं.

त्या चौघांच्या मधे माझी जागा तिसरी. समोर भिंतीचा चुना निघून उंट बसल्यासारखा आकार झालेला होता. धाराशिवला शाळेत सात वर्षं मी उर्दू शिकलो, त्यामुळं दस्तगीर मला हैदराबादचा अखबार वाचायला लावायचा. मी उंटाकडं तोंड करून मोठ्यानं वाचायचो आणि मधेच माझ्या पदरची बातमी घुसडायचो. निजाम सरकारनं गाढवांना टोप्या घालायचा हुकूम काढला, वगैरे. दस्तगीर मागनं म्हणायचा, "पढ बेटा, सच्चा पढ. झूट मैं खुद बना लूंगा."

त्या उंटाची मला आठवण येते. माणसाला गावातल्या तळ्याची, आमराईची आठवण येते. मला उडालेल्या चुन्याची येते. त्यासाठी कुणाकडं अर्ज करावा हे कळत नाही.

अठ्ठेचाळीसच्या आषाढात रझाकार आले. त्यांनी गावाची चावडी जाळली, चार घरं लुटली, ईरण्णाच्या भावाला मारलं. बायकापोरं त्याआधीच बार्शीकडं, निजामाच्या हद्दीबाहेर, पाठवली होती, म्हणून तेवढ्यावर भागलं. जाताना ते हॉटेलात बसले. दस्तगीरनं त्यांना चहा दिला. त्यांनी तो प्यायला आणि कप फोडले. पुढं गावात दस्तगीरवर जो आरोप ठेवला गेला तो एवढाच की त्यानं त्यांना चहा दिला. चहाच्या हॉटेलावर चहा दिला, हे आमच्या गावात मोठ्या आवाजात म्हटलं जायचं.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली. शुक्रवारी निजामाचं राज्य गेलं, आणि त्याबरोबर माझी सात वर्षांची उर्दू एका दिवसात भंगारात गेली. बानूबी तेव्हा भावाकडं कळंबला होती. तिनं दस्तगीरला निरोप धाडला होता, इकडं निघून या म्हणून. त्यानं उलट निरोप दिला, गाव मेरे कू पैचानता.

सोमवारी सकाळी दोघं जण आमच्या दुकानी आले. आमचं दुकान मिठाचं आणि घासलेटाचं. नावं घेत नाही. त्यातल्या एकाचं परवाच लग्न झालं, मीच आहेर घेऊन गेलो होतो. घासलेट कंट्रोलचं, माणशी एक बाटली. त्यांनी डबा मागितला. वडिलांनी मान हलवली. मी मापून दिला. देताना म्हणालो, "एवढं घासलेट? वरात काढताय का कुणाची?"

"वरातच म्हण," एक जण म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. विनोद बरा झाला असं मला त्या दिवशी दुपारपर्यंत वाटत होतं.

आग दुपारी लागली. वीरभद्रप्पांनी आपल्या भिंतीवर पाणी मारायला सकाळीच सुरुवात केली होती. माणिकप्पांनीही. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, उकाडा लई हाय.

नंतर पोलीस आले. गावानं सांगितलं, जाळणारी माणसं बाहेरची होती. शेजारच्या चार गावांतही असंच झालं होतं; तिथंही बाहेरचीच माणसं होती. म्हणजे त्या आठवड्यात तालुक्यातली यच्चयावत माणसं बाहेर गेली होती आणि आपापल्या गावात कुणीच नव्हतं. पोलिसांनी ते लिहून घेतलं. पुढं पोलीस यायचे थांबले तशी बाहेरची माणसंही बोलण्यातनं गेली. मग आग गेली. शेवटी हॉटेल गेलं. राख पावसानं नेली, जळके वासे कुणाच्या तरी चुलीत गेले, आणि दिवाळीपर्यंत गावात हॉटेल कधी नव्हतंच असं झालं. हे कुणी ठरवलं नाही. गावाला सराव होता.

आणि अशात फाल्गुनात बानूबी आली.

चौकशीला आलेले साहेब सोलापूरकडचे होते. तरुण, सरळ, चष्मा लावणारे. आमच्या भागात नवीन. उर्दूचं अक्षर त्यांना ओळखू येत नव्हतं. चावडीतलं दप्तर रझाकारांनी जाळलेलं, बानूबीचा बैनामा, म्हणजे खरेदीखत, हॉटेलाबरोबर गेलेला. त्यामुळं जागा तिची होती हे सांगायला फक्त गाव उरलं होतं. साहेब म्हणाले, शेजाऱ्यांनी सांगितलं की इथं दस्तगीरचं हॉटेल होतं, तर मी आजच्या आज बाईच्या नावानं लिहून देतो. तेवढंच लागत होतं.

महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर साहेबांना खुर्ची दिली. गाव खाली बसलं. बानूबी एका कडेला, भावाबरोबर.

"तुमच्या दुकानाशेजारी हॉटेल होतं का?" साहेबांनी वीरभद्रप्पांना विचारलं.

"कुठल्या बाजूला?"

"जिकडं मोकळी जागा आहे तिकडं."

वीरभद्रप्पांनी तिकडं बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. "न्हाय बा," ते म्हणाले.

"मग काय होतं?"

आता इथं गावाची चूक झाली. नव्हतं म्हणायचं हे सगळ्यांना माहीत होतं. पण मग काय होतं, हे ठरवायचं राहून गेलं होतं. सहा महिने होते हातात.

वीरभद्रप्पांनी माणिकप्पांकडं बघितलं. माणिकप्पांना वाटलं आपण सावरावं. "चिंच होती, साहेब," ते म्हणाले. "लई जुनी. आमची अव्वा त्या चिंचेला झोळी बांधून मला झोपवायची." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. उपरण्यानं पुसले. नसलेल्या झाडाखालचं बालपण आठवून माणूस खरोखर रडू शकतो, हे मी तेव्हा बघितलं.

"चिंच कुठली?" ईरण्णा गुरव म्हणाला. "आड होता तितं. गोड पानी. डाळ घातली की शिजलीच."

"आड न्हवता."

"तुमी त्या आडाचं पानी पिऊन मोठं झालात, माणिकप्पा. लाज धरा."

"म्या चिंचंखाली मोठा झालो."

दोघं उठून उभे राहिले. चिंचेकडचे आणि आडाकडचे असे दोन भाग पडले. एकानं तर चिंच कोणत्या साली कुणी तोडली आणि त्याला पुढं कसं कोड फुटलं हेही सांगितलं. शेवटी धुरपताबाई, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, समजुतीनं म्हणाली, "अरं, भांडता कशाला? आडावर चिंच होती. पाला पडायचा पान्यात."

"अकरा हातांत?" साहेब म्हणाले.

"ल्हान चिंच होती," धुरपताबाई म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मंडळी, मला एकच काहीतरी सांगा."

तेव्हा माझे वडील बोलले. ते कमी बोलतात, म्हणून त्यांचं खरं वाटतं. "बोळ होता, साहेब. मान्सं जायची यायची."

गावाला एकदम हलकं वाटलं. बोळ सगळ्यांना पटला. चिंचवाले बसले, आडवाले बसले. बोळाला पाला नसतो, पाणी नसतं, कुणाच्या आईची झोळी नसते.

बानूबी पहिल्यांदाच बोलली. साहेबांशी नाही, गर्दीत मागं उभ्या असलेल्या धुळाप्पा धनगराशी. "धुळाप्पा भाऊ, रोज सुबू दूध किसकू डालते थे तुम?"

धुळाप्पानं घोंगडं या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतलं. "कुनालाच न्हाय."

"मग दुधाचं काय करत होतास?" साहेब म्हणाले.

"म्याच पीत हुतो."

"किती?"

"आठ शेर."

साहेबांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. धुळाप्पा काठीसारखा आहे, किंबहुना काठी जरा जाड आहे. "रोज?"

"एकादशी सोडून," धुळाप्पा म्हणाला.

कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही, आणि मी तर मयतीतही हसतो.

इथं थांबले असते तरी बानूबी हरलीच होती. पण वीरभद्रप्पांना बोळाची हाव सुटली. गाव बोळ म्हणतंच आहे, तर तो आपल्याच हद्दीत बसावा असं त्यांच्या मनात आलं. ते म्हणाले, "साहेब, बोळ आमच्यातलाच हाय. वडलांनी जागा घेतली त्याचा बैनामा हाय माझ्याकडं." आणि घरातनं पेटीतला कागद आणवला. निजामाच्या शिक्क्याचा, उर्दूतला. चाळीस वर्षं तो कागद त्यांच्या घरी होता आणि दसऱ्याला त्याला फूल वाहिलं जायचं. आत काय लिहिलंय हे वीरभद्रप्पांना माहीत नव्हतं. लिहिलेलं असतं ते आपल्या बाजूचंच असतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

"कोण वाचतं हे?" साहेब म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी कागद घेतला. कुठल्याही बैनाम्यात जागेच्या चारी बाजूंना कोण आहे ते लिहिलेलं असतं. त्याशिवाय जागा कळत नाही. दस्तगीरच्या बापाचंही तिथं हॉटेलच होतं. मी मोठ्यानं वाचलं, "मशरिक में दुकान-ए-चाय, ख्वाजासाब वल्द हुसेनसाब." आणि मराठीत सांगितलं, "पूर्वेस ख्वाजासाबचं चहाचं दुकान. म्हणजे दस्तगीरच्या वडिलांचं."

बानूबीनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि नीट बसली.

मग कुणीतरी हसलं. माझे वडील होते ते. त्यांना मी आयुष्यात चार वेळा हसताना बघितलंय. "साहेब, आमचं पोरगं चेष्टेखोर हाय," ते म्हणाले. "आजीच्या मातीला ह्यानं मान्सं हसवली. कागदात काय बी घुसडतंय." मग वीरभद्रप्पा हसले, माणिकप्पा हसले, आणि सगळं गाव हसायला लागलं. ईरण्णा म्हणाला, "गाढवांच्या टोप्या सांग की रं साहेबांना." ते तर मी हॉटेलातच सांगितलं होतं, भिंतीकडं तोंड करून. ईरण्णा तिथं नव्हता, असं ठरलेलं होतं.

साहेब हसले नाहीत. "हे सरकारी काम आहे," ते म्हणाले. "नीट वाच. काय लिहिलंय?"

खरं सांगायचं तर कागद नीटच लिहिलेला होता. शाई काळीभोर होती. मी परत त्याच ओळीकडं बघितलं. हॉटेल होतं असं ठरलं, तर ते गेलं कसं हे विचारणार. कसं गेलं विचारलं, की आग कशी लागली, आणि मग तेल कुठलं. तेल मी मापलं होतं. वडील अजून हसत होते, पण त्यांचे हात मांडीवर उपडे होते आणि बोटं धोतरात रुतलेली होती.

"मशरिक में गली," मी वाचलं. "पूर्वेस बोळ."

आवाज चांगला आला. पहिल्यापेक्षा चांगला.

बानूबीला वाचता येत नाही. ती माझ्याकडं बघत होती. "बेटा," ती म्हणाली, "दुबारा पढ."

मी दुबारा वाचलं. पूर्वेस बोळ.

"हौ," ती म्हणाली. "अच्छा पढता तू. वो भी बोलते थे."

तिचा भाऊ काहीतरी बोलायला उठला, तिनं त्याला हातानं बसवलं. साहेबांनी लिहिलं. वीरभद्रप्पांना बोळ मिळाला नाही. साहेबांनी तो सार्वजनिक लावला. बानूबी आणि तिचा भाऊ दुपारच्या गाडीनं कळंबला गेले. जाताना ती पेठेतनंच गेली आणि त्या जागेपाशी थांबली नाही. तिनंही गिरणीकडं बघितलं का, हे मला कळलं नाही, कारण मी गिरणीकडं बघत होतो.

त्यानंतर मला नोकरी लागली. साहेबांना माझं वाचन आवडलं. ते म्हणाले, या भागातले सगळे जुने कागद मराठीत करायचे आहेत आणि उर्दू येणारी विश्वासाची माणसं मिळत नाहीत. विश्वासाची हा त्यांचा शब्द. मी आमच्या पेठेपासून सुरुवात केली. लोक पेट्या उघडून कागद आणून देतात, मी दुकानाच्या ओट्यावर बसून तर्जुमा करतो. आजवर त्रेपन्न झाले. एकट्या पेठेतल्या सात कागदांत हॉटेल निघालं. कुणाच्या पश्चिमेला, कुणाच्या समोर. एकाची विहीर हॉटेलापासून चाळीस पावलांवर होती. आता ती बोळापासून चाळीस पावलांवर आहे. काम चोख आहे. त्या बोळातनं अजून कुणी गेलेलं नाही, कारण मागच्या टोकाला माणिकप्पांच्या अडतीचं गोदाम आडवं आहे आणि तो कुठं जातच नाही. पण कागदावर त्याच्यासारखा पक्का बोळ तालुक्यात नाही.

परवा वीरभद्रप्पा कागद द्यायला आले आणि तिथंच रेंगाळले. सकाळचे सात वाजले होते. घरचा चहा त्यांना अलीकडं गोड लागत नाही.

"पंचाक्षरी," ते म्हणाले, "आलं टाकून, वरनं थोडी सुंठ. असा च्या कुठं मिळायचा रं?"

"बार्शीला," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "बार्शीलाच."

काल वडिलांनी आमच्या दुकानाचा बैनामा काढून दिला. आमच्या हद्दीत हॉटेल येत नाही, त्यामुळं मला वाटलं, हा एक तरी सरळ जाईल. चारी बाजू सरळ गेल्या. शेवटी साक्षीदार होते. वडिलांनी दुकान घेतलं तेव्हा पेठेत त्यांच्या ओळखीचा एकच माणूस होता, असं त्यांनीच मागं कधी सांगितलं होतं. खाली एकच अंगठा होता आणि त्याच्या शेजारी सुवाच्य अक्षरात, दस्तगीर वल्द ख्वाजासाब.

वडील मिठाचं पोतं शिवत बसले होते. मी बराच वेळ लिहीत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"वाचता येत न्हाय का?" त्यांनी विचारलं. दाभण थांबला नव्हता.

"न्हाय," मी म्हणालो.

"मग तसंच लिही."

मी लिहिलं. साक्षीदार: एक. अंगठा. नाव वाचता येत नाही.